घट्ट पाणी

अन्नसंशोधनाच्या त्या संस्थेत तिला सगळे सालबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि तिची पाठ फिरली की 'सालबाई'. तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकतही नव्हती. माणसाला काही ना काही चिकटायचंच. कुणाला पदवी चिकटते, कुणाला नवऱ्याचं आडनाव. तिला भाज्यांची सालं चिकटली.

गावाबाहेर भाज्या चिरून पाकिटात भरणारा एक कारखाना होता. तिथली सालं रोज सकाळी निळ्या पिंपांतून संस्थेच्या मागच्या दाराशी येत. बटाट्याची, गाजराची, बिटाची, लाल भोपळ्याची. वाटेत थोडी तापलेली, थोडी आंबूस वास मारणारी. इतर लोक नाकाला रुमाल लावून त्या दारावरून जात. ही मात्र बाह्या वर करून पिंपात हात घालायची. कुजलेलं बाजूला काढायचं, उरलेलं पाण्यातून चार वेळा खळखळून घ्यायचं, उकळत्या पाण्यातून बुडवून काढायचं, जाळीच्या ट्रेवर पसरायचं आणि वाळवणाच्या कपाटात सारून द्यायचं. वाळलं की ते संस्थेतल्याच गिरणीवाल्या काकांकडे जाई. काका ते दळून, चाळून तिच्या हातात बरणी ठेवत. बरणीत उरायचा तो चोथा. लोकांच्या लेखी चोथा म्हणजे रस निघून गेल्यावर उरतं ते, टाकून द्यायचं. तिच्या लेखी खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. हा चोथा पाणी किती धरतो? तेल किती शोषतो? भिजल्यावर किती फुगतो? पोटात गेला तर साखरेला किती वेळ अडवून धरेल? गेली कित्येक वर्षं ती हेच प्रश्न विचारत होती, आणि चोथा तिला इमानदारीत उत्तरं देत होता.

घरी प्रश्न विचारणारंही कुणी नव्हतं आणि उत्तर देणारंही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, टेबलाला चार खुर्च्या. त्यातली एकच झिजलेली, बाकीच्या तिन्ही दुकानातून आणल्या तशा कोऱ्या. स्वयंपाक करताना ती सवयीनं साल पातळ काढायची आणि मग तिचं तिलाच हसू यायचं. एका माणसाच्या जेवणाची सालं ती किती? मुठीत मावतील एवढी. शुक्रवारी संध्याकाळी ती वाण्याला "पिशवी नको" म्हणायची, आणि त्यानंतर तिच्या तोंडून पुढचा शब्द निघायचा तो सोमवारी सकाळी, संस्थेच्या फाटकाशी. तोही खरखरीत, गंज चढल्यासारखा. लग्न जमलं नाही, मग जमवावंसं वाटलं नाही, मग कुणी विचारेनासं झालं. इतकी साधी गोष्ट होती ती.

सख्खा म्हणावा असा एक भाऊ होता, दादा. पण त्याच्याशी बोलणं बंद होतं.

आई शेवटची दोन-तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, दादाच्या घरी. दादा तेव्हा लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा. घरी असेल तेव्हा आईला उचलून अंघोळ घालायचा, नसेल तेव्हा वहिनी सगळं करायची. ही महिन्याकाठी एकदा जायची, फळं न्यायची, आईच्या उशाशी तासभर बसायची आणि घड्याळ बघत निघायची. आई गेली त्या दिवशी वाळवणाच्या कपाटात गाजराच्या सालांची मोठी खेप होती आणि हिचा फोन बाहेर टेबलाच्या खणात. वहिनीनं कितीतरी वेळा लावला. ही पोचली तेव्हा सगळं आटोपून माणसं परतायला लागली होती. दादा दारातच उभा होता. जमलेल्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आलीस का? वाळला का तुझा कचरा?"

ती उंबऱ्याच्या आत गेलीच नाही. आल्या पावली परत फिरली. मग ना त्यानं फोन केला, ना हिनं. भाच्याचं लग्न झालं, ही गेली नाही. अबोला हा धुळीसारखा असतो. रोज थोडाथोडा साठतो, आणि एक दिवस बोट फिरवून बघावं तर खालचा रंगच दिसत नाही.

त्या दिवशी ती बरणीवर चिठ्ठी चिकटवत होती आणि फोन वाजला.

"वन्सं, मी बोलतेय."

वहिनीचा आवाज तिनं लगेच ओळखला. हातातली बरणी तिनं आधी नीट खाली ठेवली.

"बोला वहिनी."

"ह्यांना झटका येऊन गेला. पक्षाघाताचा. उजवी बाजू गेली. झाले आता बरेच महिने."

"महिने? आणि मला तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुमचं नाव काढलं की मान हलवायचे. नको म्हणून. मी काय करणार, सांगा."

"मग आज का केलात फोन?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाली, "आज ते पाण्यासाठी रडले. लहान पोरासारखे. वन्सं, त्यांना पाणी पिता येत नाही. पातळ काहीही दिलं की ठसका लागतो, छातीत जातं. एकदा न्यूमोनिया झाला, वाचले ते नशीब. दवाखान्यातून पाणी घट्ट करायची पावडर दिलीय. ती घालून दिलं तर थुंकून टाकतात. तुम्ही त्या पावडरींचंच काम करता ना? म्हणून म्हटलं, विचारून बघावं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती निघाली. वाटभर ती मनाशी वाक्यं जुळवत होती, आणि बसमधून उतरताना त्यातलं एकही तिच्याकडे शिल्लक नव्हतं.

दादा खिडकीशी खुर्चीत बसवलेला होता. उजव्या कुशीला दोन उशा, गुडघ्यांवर चादर. हा माणूस एकेकाळी ट्रकमधून उडी मारून उतरायचा आणि बाटली तोंडाला लावली की रिकामी करूनच खाली ठेवायचा. आता गालफडं बसली होती, ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या, आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

"बघा तरी कोण आलंय," वहिनी म्हणाली.

त्यानं बघितलं. ओळखलं, यात शंका नव्हती. आणि तोंड फिरवून तो खिडकीबाहेर पाहू लागला.

टेबलावर एका पेल्यात ते घट्ट पाणी होतं. वहिनीनं चमचाभर उचललं. ते चमच्यातून पडेना, नुसतं लोंबत राहिलं. तिनं तो चमचा त्याच्या तोंडात दिला. त्यानं क्षणभर धरलं, आणि मग ते ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं.

"चि...खल," दादा म्हणाला.

"एवढा एक शब्द त्यांना स्वच्छ येतो," वहिनी पदरानं त्याची हनुवटी पुसत म्हणाली, "आणि तोही मलाच ऐकवतात दिवसभर."

हसावं की नाही ते तिला कळेना. तिनं दुसरा चमचा घेतला आणि पेल्यातलं चाखून पाहिलं. वह्यांना कव्हरं चिकटवायची खळ गार करून खावी, तसं लागलं. खळीला निदान चिकटवायचं काम तरी असतं. दादा खिडकीतून नजर न हलवता तिचं चाखणं बघत होता, हे तिला काचेत दिसलं.

"मी बघते काहीतरी," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी ती कामाला लागली ती झपाटल्यासारखी. गाजराच्या सालाचा चोथा तिच्या सगळ्या बरण्यांत पाण्याला सर्वांत पक्का होता. त्याला वास कमी, रंग फिका, चव किंचित गोडसर. तो पाण्यात नुसता विरघळल्याचं सोंग करत नसे, मनापासून फुगायचा. खळीसारखा चिकटा न आणता पाणी जरा जाडसर, मऊ करायचा. हेच तर हवं होतं. तिनं पिंपातली सालं बाजूला ठेवली. बाजारातून चांगली गाजरं आणून, धुऊन, स्वतः सोलली. कारण हे आता कुणाच्या तरी घशाखाली जायचं होतं. उकळलं, वाळवलं आणि काकांपुढे नेऊन ठेवलं.

"एवढं बारीक?" काकांनी चिमूट चोळून पाहिली. "बाई, याच्यापुढे दळलं तर हवेतच उडेल."

"उडू दे काका. थोडं तरी खाली पडेल ना?"

"कुणासाठी चाललंय एवढं?"

"आहे एक जण," ती म्हणाली. काकांनी भुवई वर केली, आणि संस्थेत दोन दिवस सालबाईंचं कुठेतरी जमतंय अशी कुजबुज झाली.

तिनं सगळ्या परीक्षा घेतल्या. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरून किती वेळात किती ओघळतं ते पाहिलं, चमचा तिरका करून पाहिलं, काट्यानं उचलून पाहिलं. जंतू आहेत का ते शेजारच्या विभागातून तपासून घेतलं. सगळं ठीक होतं. पण एक गोष्ट कुठल्याच यंत्रावर मोजता येत नव्हती. म्हणून तिनं ठरवलं, आता आपण हेच प्यायचं. साधं पाणी बंद. चहासुद्धा चोथा घालून.

पहिल्या दिवशी तिला मजा वाटली. दुसऱ्या दिवशी जीभ जड झाली. पाणी पोटात जात होतं, पण तहान जिथल्या तिथे बसून राहिली होती. पाणी प्यायल्यासारखं वाटतच नव्हतं, पाणी खाल्ल्यासारखं वाटत होतं. हळूहळू तिचे कान विचित्र तयार झाले. कुणी बाटलीचं झाकण उघडलं तरी तिला ऐकू यायचं. प्रयोगशाळेतला नळ कुणी नीट बंद केला नाही, तर ती उठून जायची आणि तो बंद करायच्या आधी थोडा वेळ नुसती बघत राहायची. जेवणाच्या सुट्टीत सगळे गप्पा मारत पाणी पीत होते, मध्येच घोट, मध्येच शब्द. तिला वाटलं, ही माणसं काचेपलीकडे आहेत. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे वाटणं काही नवीन नाही. नवीन होती ती फक्त तहान.

दादा त्या खुर्चीत महिनोन्महिने असा बसलाय, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती नळापाशी गेली, ओंजळ धरली आणि प्याली. नाकातोंडात पाणी गेलं, ब्लाउजची बाही भिजली, ठसका लागला. ती ठसक्यात हसत राहिली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. हे कुणाला तरी सांगावंसं तिला फार वाटलं. पिशवी उचलून, दिवे मालवून ती घरी गेली.

बरणी घेऊन ती तालुक्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात गेली. दादाच्या गिळण्यावर उपचार करणारी थेरपिस्ट तळमजल्यावर बसायची. वयानं हिच्या निम्मी, केस कानामागे खोचलेले, बोलणं भरभर. तिनं सगळं मन लावून ऐकून घेतलं. चोथा पाण्यात कालवला, थोडा वेळ जाऊ दिला, सिरिंजमधून सोडून पाहिला.

"वा," ती म्हणाली. "दिसायला तर सुंदर आहे."

सालबाईचा चेहरा खुलला.

मग थेरपिस्टनं त्यातलं चमचाभर घेतलं, वर दुसरा चमचा ठेवला आणि दोन्ही हलकेच दाबले. चमच्यांच्या कडेनं पाणी ओघळलं. पातळ, स्वच्छ, साधं पाणी. चमच्यात मागे राहिला तो ओलसर चोथा.

"जीभ टाळ्यावर दाबते ना, ती अशी," थेरपिस्ट हळू आवाजात म्हणाली. "तुमचा चोथा पाणी धरतो, मॅडम. पण दाबलं की सोडतो. आणि सुटलेलं पातळ पाणी सरळ श्वासनलिकेत जाणार. शिवाय ही कणी. तुम्हाला-मला जाणवणार नाही एवढी बारीक आहे, पण त्यांच्या घशाची एक बाजू बधिर आहे. तिथे राहिलं तर त्यांना कळणारसुद्धा नाही. मी हे त्यांना देऊ शकत नाही."

तिनं वाद घातला नाही. तिला ते पटलं होतं, हीच तर पंचाईत होती. चोथा उभ्या भांड्यात किती पाणी धरतो, गरगर फिरवल्यावर किती धरतो, हे तिनं उभं आयुष्य मोजलं होतं. जीभ काय करते हा प्रश्न तिनं त्याला कधी विचारलाच नव्हता. बरणीचं झाकण लावताना ते आट्यांत बसेना. थेरपिस्टनं तिच्या हातातून बरणी घेतली आणि लावून दिली.

"एक विचारू?" थेरपिस्ट म्हणाली. "त्यांना मधून मधून साधं पाणी का देत नाहीत तुम्ही?"

"साधं? त्यांना ठसका..."

"जेवताना नाही, दोन जेवणांच्या मध्ये. आधी तोंड ब्रशनं अगदी स्वच्छ करायचं, दात, जीभ, गालाच्या आतून, सगळं. कारण पाण्याबरोबर तोंडातली घाण छातीत जाते, तिचा खरा धोका. मग ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन, एकेक चमचा. सगळ्यांना चालत नाही. पण मागच्या तपासणीत त्यांना चालेल असं मला वाटलं होतं. मी त्यांच्या मिसेसना सांगितलंही होतं. त्या घाबरल्या."

"त्यांनी न्यूमोनिया पाहिलाय."

"हो ना. त्यांचं चूक नाही. याला शेजारी शांतपणे बसणारं माणूस लागतं. घाई नसलेलं. त्यांना एकदा घेऊन या. परत तपासते आणि मगच काय ते सांगते."

घाई नसलेलं माणूस. बसमध्ये ती तेच शब्द मनात घोळवत बसली.

तपासणी झाली. थेरपिस्टनं हो म्हटलं, पण अटी घालून. खोकला वाढला, ताप आला, आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा झाला तर त्याच क्षणी बंद. वहिनीनं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "वन्सं, मला पाप लावू नका. माझ्या हातून नको. माझा हात कापतो."

"मी देते," ती म्हणाली.

तर अशा तऱ्हेनं, इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर, ती एका शनिवारी सकाळी हातात मऊ ब्रश घेऊन दादासमोर स्टुलावर बसली. आणि दादानं तोंड गच्च मिटून घेतलं.

"आ कर."

त्यानं मान फिरवली.

"दादा, मला तरी कुठे हौस आहे तुझे दात घासायची? आ कर."

काही नाही. ओठ पांढरे पडेपर्यंत मिटलेले. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. वहिनी तिथे कान देऊन उभी असणार.

तिनं ब्रश मांडीवर ठेवला. बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना, म्हणून जे तोंडाशी आलं ते ती बोलली.

"तुझ्यासाठी पावडर केली होती मी. गाजराच्या सालांची. महिना घालवला. नाही उपयोग झाला. तू म्हणाला होतास ना, कचरा वाळला का म्हणून? वाळला. चांगला खडखडीत वाळला. आणि आईपाशी मी नव्हते, तेही खरं. तुझ्या एकट्यावर पडलं सगळं. त्या दिवशी दारात तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं रे. मला ते सगळ्यांसमोर नको होतं, एवढंच."

दादा तिच्याकडे पाहत होता. डावा डोळा भरला होता. उजवा तर आजारापासून उगीचच पाझरायचा, त्याचं काही धरता येत नव्हतं. मग त्यानं तोंड उघडलं.

तिनं दात घासले. वरचे, खालचे, मागच्या दाढा. जिभेवरून, गालाच्या आतून ब्रश फिरवला, बोळ्यानं टिपून घेतलं. मागची एक दाढ त्याला नव्हती. ती कधी पडली हे तिला माहीत नव्हतं, आणि भावाची दाढ पडावी आणि आपल्याला माहीत नसावं याचं तिला भलतंच वाईट वाटलं.

मग पेल्यात पाणी घेतलं. नुसतं पाणी. लहान चमचा, तोही अर्धा.

"हनुवटी खाली. अजून खाली. हां. तोंडात धर. आता गिळ."

कंठमणी वर गेला, अडला आणि खाली आला. स्वयंपाकघरात कुणी श्वास रोखला होता.

"आ म्हण."

"आ..." कोरडा, स्वच्छ आवाज. ओला नव्हे.

त्यानं डोळे मिटून घेतले होते. ओठ एकमेकांवर घासले, जीभ फिरवली, जणू अर्ध्या चमच्यातलं काही मागे राहिलंय का ते शोधत होता. मग डोळे न उघडताच म्हणाला, "अ...जून."

त्या सकाळी त्यानं पाच-सात चमचे घेतले असतील. दारात वहिनी तोंडाला पदर लावून रडत होती. दादानं तिच्याकडे बघून डाव्या हातानं असं काही केलं, की त्याचा अर्थ 'रडतेस काय, वेडे' असाच होता.

त्यानंतर ती दर शनिवारी जाऊ लागली, रविवारी मुक्काम करून परतायची. मधल्या दिवसांत ती वहिनीला फोनवरून धीर द्यायची, आणि हळूहळू वहिनीचा हात कापायचा थांबला. चमच्यावरून लहान घोटावर आलं. दादाच्या ओठांच्या भेगा भरल्या. बोलणं म्हणावं असं मात्र झालं नाही. चार-सहा शब्द परत आले, तेही वहिनीवर ओरडायच्या कामाचे. आईचा विषय त्यानं काढला नाही, हिनंही नाही. पाणी द्यायचं, थांबायचं, 'आ' म्हणवून घ्यायचं, पुन्हा द्यायचं. याला अर्धा-पाऊण तास लागायचा, आणि तेवढा वेळ दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या गळ्याकडे बघत असत.

एकदा चार घोट झाल्यावर त्यानं पेला डाव्या हातानं तिच्याकडे सरकवला. "तू."

"मला नको. तुझं झालं का?"

"तू," त्यानं पुन्हा दटावलं.

तिनं पेला उचलला आणि सगळाच्या सगळा एका दमात प्याली, घटाघटा, लहानपणी दोघं पैज लावून प्यायचे तसा. दादा डोळे मोठे करून बघत राहिला आणि मग हसायलाच लागला. अर्ध्या तोंडानं, खांदे हलवून. हसता हसता त्याला असा ठसका लागला, की वहिनी आतून धावत आली आणि दोघांवर कडाडली, "अक्कल आहे का तुम्हाला? दोघांनाही? केवढे घोडे झालात!" दोघं खाली मान घालून गप्प बसले. त्याला ताप आला नाही. तरी पुढचे दोन दिवस ती दर तासाला फोन करत होती.

हिवाळा सरता सरता भाचा आला. तो दूर, विमानानं जावं लागेल अशा शहरात नोकरीला होता. आई-बाबांना घेऊन जायचं त्यानं ठरवलं होतं. तिथे मोठा दवाखाना आहे, घराला लिफ्ट आहे, सून मदतीला आहे. सगळं बरोबर होतं. नाही म्हणायला कुणाला जागाच नव्हती. "आत्या, तूही ये कधीतरी," तो म्हणाला, आणि ती "येईन की," म्हणाली.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. दादाला पुढच्या सीटवर बसवलं. तिनं खिडकीतून वाकून पट्टा नीट केला.

"हनुवटी," ती म्हणाली. आणखी काही सुचलं नाही.

तो समोर बघत होता. गाडी हलली तेव्हा त्याचा डावा हात वर झाला. निरोपाला झाला, की खांद्याला काचणारा पट्टा सारायला, ते तिला कळलं नाही. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत होती. मग तिनं रिकाम्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारी दिली.

पुढचे शनिवार तिनं संस्थेतच काढले. गाजराच्या चोथ्याची ती बरणी तिनं टाकली नाही. गावातल्या एका बेकरीवाल्याला गळ घालून तिनं तो पावाच्या पिठात मिसळून पाहिला. बेकरीवाला आधी कुरकुरला, पण पाव फुगला, आणि मुख्य म्हणजे मऊ राहिला. चोथ्यानं धरलेलं पाणी भट्टीतही पुरतं सुटलं नव्हतं. साधा पाव जिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाळून जायचा, तिथे हा त्याच्याही पुढे खाण्याजोगा असायचा. काकांनी मधल्या सुट्टीत दोन तुकडे खाल्ले आणि "आता बरं," एवढंच म्हणाले. म्हणजे पसंत पडला.

फोन सुरुवातीला रोज यायचा, मग दोन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. तिथे सगळं छान चाललं होतं. एका रविवारी दुपारी वहिनी म्हणाली, "वन्सं, आज ते स्वतःच्या हातानं पेला धरून पाणी प्याले. मी नुसती शेजारी बसले होते."

"अरे वा," ती म्हणाली. "आ म्हणाला ना नंतर?"

"म्हणाले की. बोलता का त्यांच्याशी? थांबा, कानाशी धरते."

पलीकडून श्वासाचा आवाज आला. दादा ऐकत होता.

"दादा, मी," ती म्हणाली. मग काय बोलावं या विचारात तिनं पावाची गोष्ट सुरू केली. बेकरीवाला कसा कटकट्या आहे, पहिली खेप कशी विटेसारखी निघाली, काका चोरून तुकडे कसे नेतात. मग भोपळ्याच्या सालाकडे वळली, ते किती चिवट असतं. मग संस्थेच्या मागच्या दाराची गळकी पन्हळ, शेजारच्या विभागातल्या मुलीचं ठरलेलं लग्न, खालच्या मजल्यावर राहायला आलेलं भांडकुदळ जोडपं. आजवर हे सगळं कुणाला सांगायचं राहून गेलं होतं, हे तिला बोलता बोलताच समजत गेलं. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं, आणि ती बोलतच होती.

मग पलीकडे खसखस झाली आणि वहिनीचा हळू आवाज आला. "वन्सं, ते केव्हाचे झोपलेत. फोन उशीवरच राहिला होता. मला वाटलं, तुम्ही ठेवला असेल."

"बरं," ती म्हणाली. जराशानं तिनं विचारलं, "वहिनी, घाईत आहात का?"

"नाही, मी आपली कपड्यांच्या घड्या घालतेय."

"मग राहू दे ना तसाच जरा वेळ. उशीवर."

वहिनीनं फोन परत उशीवर ठेवल्याचा मऊ आवाज आला. आणि मग दादाचं घोरणं ऐकू येऊ लागलं, मंद, एका सुरातलं, मध्येच जरा अडखळणारं. तिनं फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि समोर बसून भोपळा सोलायला घेतला.